रॅम पंप दर आठ-दहा दिवसांनी बंद का पडतो?

व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, धावत्या पाण्याच्या धक्क्यावर चालणारा पंप. वीज नाही, डिझेल नाही, सगळं सामान हार्डवेअरच्या दुकानातलं. जोडला, हाताने वीस-पंचवीस ठोके दिले आणि तो आपला आपण चालू लागला. वर टाकीत धार पडली. आठवडा बरा गेला. मग ठोक्याचा आवाज बदलला, टाकीतली धार बारीक झाली आणि एका सकाळी बागेत गेलो तर सगळं शांत. खोलला, साफ केला, जोडला. पुन्हा आठ-दहा दिवस चालला आणि पुन्हा बंद.

माझ्याकडे हे एका हंगामात, डिसेंबर ते मार्च, सात वेळा झालं. दर वेळी वाटायचं की दोष सापडला. एकदा वॉशर बदलला. एकदा वेस्ट व्हॉल्व्हवर, म्हणजे पाणी बाहेर सांडणाऱ्या झडपेवर, वजन वाढवलं. एकदा सगळे सांधे उकलून टेफ्लॉनच्या जागी सुतळी आणि सफेदा लावला. पंप दर वेळी चालू व्हायचा, कारण खोलताना आतलं पाणी निघून जायचं आणि त्या जागी हवा शिरायची. खरी दुरुस्ती त्या हवेनेच होत होती. मी श्रेय वॉशरला देत होतो. हे कळायला चार महिने गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जोडणी सांगतो, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. आमची बागायत सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, उतारावर. खाली व्हाळ, वर पोफळी आणि माड. पाऊस सरला की व्हाळावर दगड-मातीचा बांध घालायचा आणि पाटाने पाणी फिरवायचं ही आमच्याकडची रीत. पण पाटाचं पाणी बांधाच्या पातळीपेक्षा वर चढत नाही आणि वरच्या तुकड्यापर्यंत विजेची लाइन नाही. म्हणून हा पंप. बांधातल्या पाण्यापासून पंपापर्यंत उभा उतार २.५ मीटर. पंपापासून टाकी २० मीटर उंचावर. बांधातून पंपाला पाणी देणारा ड्राइव्ह पाइप दीड इंची जीआय (जस्ताचा लेप दिलेला लोखंडी), सहा मीटरच्या दोन लांब्या, म्हणजे १२ मीटर. वर जाणारा पाइप २० मिमीचा काळा एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा, त्यावर एक व्हॉल्व्ह. पंपाचं अंग म्हणजे दीड इंची टी (तीन तोंडांचा जोड), निपल, दोन एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह; एक वेस्टचा, दुसरा डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी वर सोडणारा), एक युनियन (खोलता येणारा जोड), एक बॉल व्हॉल्व्ह, एक प्रेशर गेज आणि उभा केलेला ११० मिमी पीव्हीसी पाइप, वर एंड कॅप (टोपी). हा उभा पाइप म्हणजेच एअर चेंबर, हवा कोंडून ठेवणारी जागा.

यातून मिळतं किती? पंपाला मिनिटाला ४० लिटर पाणी लागतं. ४० गुणिले २.५ मीटर, भागिले २० मीटर, म्हणजे ५ लिटर. घरगुती पंपात निम्मी ताकद वाया जाते असं धरा. हाती उरतात मिनिटाला २.५ लिटर. उरलेले साडेसदतीस लिटर पुन्हा व्हाळात. ऐकायला थोडं वाटतं, पण पंप रात्रंदिवस चालतो आणि २४ तासांत ३,६०० लिटर होतात. ठिबकवर दीड-पावणेदोनशे पोफळींना ते पुरतं. तुमच्या जागेचे आकडे याच हिशोबात घालून बघा. हिशोबातून येणाऱ्या पाण्यापेक्षा खूप जास्त अपेक्षा असेल तर पंपात दोष नसताना तुम्ही तो शोधत बसाल.

आत घडतं ते असं. ड्राइव्ह पाइपात साधारण १५ किलो पाणी असतं. वेस्ट व्हॉल्व्ह उघडा असताना ते उतारावरून धावू लागतं आणि बाहेर सांडतं. वेग पुरेसा वाढला की तेच पाणी व्हॉल्व्हची झडप ओढून बंद करतं. धावतं १५ किलो पाणी एका क्षणात अडतं, दाब उसळतो, दुसरा एनआरव्ही उघडतो आणि थोडं पाणी एअर चेंबरमध्ये शिरतं. मग पाइपातलं पाणी किंचित मागे उसळी घेतं, दाब पडतो, वेस्ट व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने पडून उघडतो आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्या पंपाचा मिनिटाला पन्नासेक वेळा हा फेरा होतो. १७७२ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन व्हाइटहर्स्टने असा पंप केला तेव्हा ही उघडझाप नळ फिरवून हाताने करावी लागे. ती आपोआप होईल अशी सोय १७९६ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ मोंगोल्फियेने केली. उष्ण हवेचा फुगा उडवणाऱ्या दोघा भावांपैकी हा थोरला.

ती मागची उसळी लक्षात ठेवा. पंप बंद पडण्याच्या बहुतेक तक्रारी तिच्याशी येऊन मिळतात.

आधी बघा, झडप कुठे थांबली

पंप बंद दिसला की पाना हातात घ्यायच्या आधी वेस्ट व्हॉल्व्हकडे बघा. पाणी सतत वाहत असेल तर झडप उघडी राहून पंप थांबलाय. थेंबही पडत नसेल तर झडप बंद राहून थांबलाय. या दोन निराळ्या व्याधी आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. उघड्या झडपेवर वजन वाढवलं तर पंप कधीच सुरू होणार नाही. मी हेच केलं होतं.

झडप उघडी राहिली असेल, तर ती ओढून बंद करण्याइतका वेग पाण्याला मिळत नाही. कारण बहुधा वरच्या तोंडाशी असतं. जाळीवर पाला बसलेला असतो किंवा बांधातलं पाणी उतरलेलं असतं. कधी झडपेत खडा अडकलेला असतो, तो बोटाने चाचपला की लागतो. झडप फार जड असेल तरीही असंच होतं.

झडप बंद राहिली असेल, तर मागची उसळी कमजोर पडली आहे. डिलिव्हरीचा एनआरव्ही गळत असेल तर चेंबरमधला दाब मागे येऊन झडप दाबून धरतो. चेंबर आणि वरचा पाइप रिकामा असेल, म्हणजे वर जाणाऱ्या पाण्याला पुरेसा विरोधच नसेल, तरी उसळी मिळत नाही. ड्राइव्ह पाइपात हवा अडकली असेल तर पाणी स्पंजावर आपटल्यासारखं आपटतं आणि धक्का विरून जातो.

माझा पंप कधी उघडा थांबायचा, कधी बंद. मी ते लिहून ठेवत नव्हतो, म्हणून चार महिने गेले. शेवटी टाकीच्या झाकणाखाली एक वही ठेवली. रोज सकाळी तीन गोष्टी लिहायच्या: मिनिटाला ठोके किती, १५ लिटरची बादली भरायला किती वेळ, आणि आवाज कसा. नीट चालताना बादली सहा मिनिटांत भरायची. आठव्या दिवशी साडेसात मिनिटं, दहाव्या दिवशी नऊ. आणि आवाजाच्या रकान्यात पहिल्या दिवशी ‘ठप्प’ लिहिलेलं, दहाव्या दिवशी ‘टण्ण’.

हवा जाते कुठे

त्या ‘टण्ण’मध्ये सगळं होतं. एअर चेंबरमधली हवा संपत होती.

दाबाखाली पाणी जास्त हवा विरघळवून घेतं. आमच्या टाकीची उंची २० मीटर, म्हणजे चेंबरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला २ किलोचा दाब. बाहेरच्या हवेचा दाब मिळवला तर ३ किलो. तेवढ्या दाबाखालचं पाणी उघड्यावरच्या पाण्याच्या तिप्पट हवा पोटात घेऊ शकतं. आणि असं ताजं, भुकेलं पाणी दिवसाला ३,६०० लिटर त्या चेंबरमधून जातं. प्रत्येक लिटर जाता जाता थोडी हवा घेऊन जातो.

मुळात हवा असतेच किती? ११० मिमी पाइपाचा मीटरभर तुकडा म्हणजे आत सुमारे ८ लिटर जागा. पंप सुरू होऊन दाब चढला की ती हवा दबून एक तृतीयांशावर येते, म्हणजे पावणेतीन लिटर. रोज थोडी थोडी गेली तरी आठवड्याभरात उशी संपते. मग चेंबर हा नुसता पाण्याने भरलेला ठोकळा होतो. पाणी दबत नाही. त्यामुळे प्रत्येक ठोका वरच्या सगळ्या पाण्यावर आणि प्रत्येक सांध्यावर थेट बसतो. सेकंदाला एक मीटर वेगाने धावणारं पाणी लोखंडी पाइपात एकदम अडलं तर १३ किलोच्या आसपास दाब उसळू शकतो. हवेची उशी असताना तो चेंबरच्या दाबाच्या थोडा वर जाऊन थांबतो. उशी नसली की थांबवायला कोणी नाही. माझ्याकडे दोनदा एंड कॅपजवळ केसाएवढी चीर पडली आणि एकदा युनियन सुटला, तेही यामुळेच.

तुमचा चेंबर भरलाय का, हे न खोलता कळतं. गेजचा काटा पाहा. हवा असताना तो २ वर थरथरत उभा असतो, भरल्यावर सगळी तबकडी झोडपतो. टाकीतली धार पाहा. हवा असेल तर ती एकसारखी पडते, नसेल तर ठोक्यागणिक पिचकारीसारखी. आणि सगळ्यात सोपं, सकाळी चेंबरवर तळहात खालून वर फिरवा. पाणी आहे तिथवर पाइप गार लागतो, हवा आहे तिथे तेवढा गार नसतो. पाण्याची रेघ हाताला कळते. ज्या दिवशी माझा हात थेट टोपीपर्यंत गारच राहिला, त्या दिवशी मी वॉशर बदलणं सोडलं.

कायमचा उपाय: सायकलची ट्यूब

हवा पाण्याला भेटूच दिली नाही तर ती विरघळणार नाही. चेंबरची टोपी बसवण्याआधी त्यात सायकलची ट्यूब घडी करून घालायची. रबराच्या आतली हवा बाहेरच्या पाण्यात फारशी जात नाही, उशी टिकते.

यात तीन गोष्टी मी चुकून शिकलो. पहिल्यांदा ट्यूब अगदी ढिली भरली, कारण पाइपात सहज जाते. पण २ किलो दाबाखाली तिची हवा तिसऱ्या हिश्शावर येते आणि चिमूटभर उशी उरते. आता २६ इंची दोन ट्यूब घालतो. बोटाने दाबल्यावर मऊ लागतील, पण पोकळ लटकणार नाहीत इतपत हवा. दुसरं, ट्यूबच्या व्हॉल्व्हची पितळी दांडी शेजारच्या रबराला घासून भोक पाडते. तिच्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून घट्ट बांधा. तिसरं, चेंबरच्या खालच्या तोंडाशी प्लास्टिकची जाड जाळी बसवा. नाहीतर ट्यूब खाली सरकून टीच्या तोंडावर बसते आणि पाणी आत जायची वाटच बंद होते. तो एक दिवस मी पूर्ण पंप खोलून बसलो होतो आणि दोष वितभर ट्यूबेत होता.

चेंबर कायमचा चिकटवू नका. वर एंड कॅपऐवजी आटेवाली टोपी घ्या, म्हणजे वर्षाला ट्यूब बदलता येते. रबरातूनही हवा हळूहळू झिरपतेच, म्हणून दर दिवाळीनंतर नवी ट्यूब.

आणि पाइप निवडताना कंजूषी नको. सांडपाण्याचा ११० मिमी पाइप दिसायला तोच, पण दाबासाठी केलेला नसतो. शेतीचा प्रेशर पाइप घ्या, १० किलोचा. त्यावर छापलेलं असतं, वाचून घ्या. दाबलेली हवा कोंडलेला पीव्हीसी फुटला तर ठिकऱ्या उडतात. मी चेंबरला भिजलेलं गोणपाट गुंडाळून त्यावर तार आवळली आहे, उन्हापासूनही ते राखतं. मुलं जवळ खेळत असतील तर चेंबर जीआय पाइपाचाच करा.

बारीक भोक, आणि ते मला का पुरलं नाही

जुन्या पंपांत ट्यूब नसे. डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या जरा खाली मिलिमीटरभर भोक पाडलेलं असे. मागच्या उसळीला आत दाब पडला की त्यातून चिमूटभर हवा शिरते आणि पुढच्या ठोक्याला चेंबरमध्ये जाते. ठोक्याला त्यातून बारीक फवारा उडतो, तो चालतो. हा उपाय उत्तम आहे, पण त्याला जोरदार उसळी लागते, आणि प्लास्टिकच्या ड्राइव्ह पाइपात ती मिळत नाही. पाण्याचा धक्का लोखंडी पाइपातून पीव्हीसीच्या तिप्पट वेगाने धावतो आणि त्याच प्रमाणात जोरकस असतो. पीव्हीसी दर ठोक्याला किंचित फुगतो आणि धक्का गिळतो.

मी आधी पीव्हीसीचा ड्राइव्ह पाइप लावला होता, भोक पाडलं, काही उपयोग झाला नाही. जीआय टाकल्यावर भोक काम करू लागलं, पण आठवड्यात शेवाळाने बुजलं. त्यात सैलसर कॉटर पिन (दुहेरी वाकवलेली तारेची पिन) घालून ठेवली तर ती ठोक्याबरोबर हलते आणि भोक स्वतःच साफ राहतं. आज माझ्याकडे दोन्ही आहेत, ट्यूबही आणि पिनवालं भोकही. एकच करायचं असेल तर ट्यूब करा.

पंपाच्या खड्ड्यात पाणी साचून हे भोक बुडालं तर ते हवेऐवजी पाणी ओढतं. सांडलेल्या पाण्याला खड्ड्यातून निघायला मोकळा चर हवाच. मिनिटाला चाळीस लिटर पाणी जिथे सांडतं तिथे खड्डा भरायला अर्धा तास लागत नाही.

ट्यूब घातली, तरी थांबतोय

पुढच्या हंगामात ट्यूबनंतर पंप दोन महिने अखंड चालला. मग फेब्रुवारीत पुन्हा थांबू लागला, पण आता दर खेपेला झडप उघडी. वहीमुळे लगेच कळलं की ही व्याधी दुसरी आहे. वरचा पाला गळू लागला होता. ऐन, किंजळ, बांबू, सगळ्यांचा पाला व्हाळातून येतो आणि जाळीवर चटईसारखा बसतो. चपटी जाळी काढून मी एक जुना प्लास्टिकचा पिंप आडवा ठेवला, त्याला सगळीकडून भोकं पाडली आणि ड्राइव्ह पाइपाचं तोंड त्याच्या मध्यात घेतलं. एका बाजूला पाला बसला तरी दुसऱ्या बाजूने पाणी येतं. आठवड्यातून एकदा हाताने झाडलं की झालं.

तरीही काही दिवस ठोका मऊ, फुसका येऊ लागला. शेजारचे आबा व्हाळावर आले होते. त्यांनी बांधात वाकून पाहिलं आणि म्हणाले, “पायपान वारो खाल्ल्यान.” म्हणजे पाइपाने हवा ओढली. पाइपाच्या तोंडावर पाण्यात भोवरा पडला होता, बाटली उलटी केल्यावर पडतो तसा, आणि त्या भोवऱ्यातून हवा आत जात होती. पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीखाली निदान फूटभर हवं. तेवढी खोली नसेल तर तोंडावर फळी तरंगत ठेवा, भोवरा मोडतो. ड्राइव्ह पाइप वरपासून खालपर्यंत एकसारखा उतरता हवा. मध्ये कुठे उंचवटा असेल तर हवा तिथे जाऊन बसते आणि कितीही ठोके दिले तरी निघत नाही.

डिलिव्हरीचा एनआरव्ही गळतोय का हे तपासायची एक सोपी खूण आहे. ड्राइव्ह पाइपावरचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा आणि वेस्ट व्हॉल्व्हची झडप हाताने दाबून धरा. आतलं साठलेलं पाणी निघेल आणि थांबेल. थांबलं नाही, बारीक धार चालूच राहिली, तर ते वरच्या टाकीकडून परत येणारं पाणी आहे. एनआरव्ही खोला, बहुधा सीटवर वाळूचा कण किंवा चिरलेलं रबर सापडेल.

दोन एनआरव्हींची अदलाबदल करू नका. वेस्ट व्हॉल्व्हसाठी स्विंग टाइप पितळी, आत लोंबती झडप असलेला, उभा बसवायचा आणि त्यावरचा बाण खाली, पंपाकडे. दुकानदार म्हणेल उलटा लागला. तोच बरोबर आहे. आपल्याला झडप वजनाने उघडी राहायला हवी आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याने बंद व्हायला हवी. डिलिव्हरीसाठी स्प्रिंगवाला, बाण पंपापासून दूर. वेस्टच्या जागी स्प्रिंगवाला लावला तर स्प्रिंग झडप दाबून धरते आणि पंप चालतच नाही.

झडपेचं वजन सगळ्यात शेवटी बघा, बाकी सगळं नीट असल्यावर. वजन वाढवलं की ठोके संथ होतात, पाणी जास्त लागतं आणि वर जास्त चढतं. कमी केलं की ठोके जलद आणि पाण्याचा खर्च कमी. मी झडपेच्या मागे एक पितळी नट स्क्रूने बसवला आहे, एवढंच.

आणि पंप जागचा हलतोय का बघा. आमचा पहिला पंप दोन चिऱ्यांवर नुसता टेकवला होता. दर ठोक्याला तो सुतभर सरकायचा आणि तेवढी ताकद पाण्याऐवजी चिऱ्यांना मिळायची. काँक्रीटच्या ठोकळ्यात यू-बोल्टने आवळल्यावर बादली भरायचा वेळ पाऊण मिनिटाने कमी झाला. दुसरं काही केलं नव्हतं.

सुरू करताना

वर जाणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह आधी बंद. ड्राइव्ह पाइपाचा बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि वेस्ट व्हॉल्व्ह अंगठ्याने दाबून धरून पाणी वाहू द्या, आतली हवा फुसफुसत निघून जाईल. मग अंगठा सोडा, झडप बसेल. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. असे वीस ते तीस वेळा. गेज हळूहळू चढतो. ०.७ किलोच्या आसपास आला की झडप स्वतः पडू लागते, मग हात काढा. आता वरचा व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा, एक अष्टमांश फेरा, आणि गेज खाली येऊ न देता पुढचा अर्धा तास हळूहळू उघडत न्या. घाई केली तर वरचा रिकामा पाइप सगळा दाब पिऊन टाकतो, झडप बंद राहते आणि सगळं पहिल्यापासून.

एप्रिलअखेर व्हाळ आटत येतो. मिनिटाला ४० लिटर मिळेनासे झाले की पंप दर दुपारी थांबू लागेल, झडप उघडी. हा बिघाड नाही. झडपेवरचा नट काढून हलकी झडप ठेवा, ठोके जलद होतील आणि कमी पाण्यावर पंप तग धरेल. वर पाणी कमी चढेल, पण चढेल. आमच्याकडे गेल्या वर्षी असा तो मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालला. त्यानंतर पंप खोलून अंगणात आणायचा, दोन्ही एनआरव्ही धुऊन ग्रीस लावायचं, ट्यूब काढून ठेवायची. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला व्हाळ बांध नेतो. ड्राइव्ह पाइप त्याआधी वर काढलेला बरा.